वितरित वाहतूक सदृशीकरण

वितरित वाहतूक सदृशीकरण म्हणजे एखाद्या शहराच्या, जिल्ह्याच्या किंवा प्रदेशाच्या रस्त्यांवरील वाहतुकीचे संगणकीय प्रतिरूप एकाच संगणकावर न चालवता, परस्परांशी जोडलेल्या अनेक संगणकांवर विभागून चालवण्याची पद्धत होय. सदृशीकरण, अर्थात सिम्युलेशन, म्हणजे वास्तवातील घडामोडींची नियमबद्ध नक्कल. वितरित पद्धतीत प्रत्येक संगणक रस्त्यांच्या जाळ्याचा एक भाग सांभाळतो आणि त्या भागातील वाहनांची स्थिती क्षणाक्षणाला मोजतो. वाहन एका भागातून दुसऱ्या भागात गेले की त्याची माहिती संदेशाद्वारे शेजारच्या संगणकाकडे सोपवली जाते.

या पद्धतीचे दोन हेतू असतात. एका संगणकाच्या स्मृतीत न मावणारे मोठे जाळे हाताळणे हा पहिला आणि उपयोगी ठरेल इतक्या वेळात उत्तर मिळवणे हा दुसरा. संगणकांची संख्या दुप्पट केल्याने वेग आपोआप दुप्पट होत नाही. जाळे कोठे कापले, कापलेल्या ठिकाणाहून किती माहिती ये-जा करते आणि संगणकांना एकमेकांसाठी किती थांबावे लागते, यांवर मिळणारा लाभ अवलंबून असतो. विभागणीमुळे उत्तर बदलता कामा नये, ही अटही तितकीच महत्त्वाची आहे.

## पार्श्वभूमी

वाहतुकीची प्रतिरूपे साधारणपणे तीन प्रकारची असतात. स्थूल प्रतिरूपात वाहतूक एखाद्या प्रवाहासारखी मानून तिची घनता, वेग आणि प्रवाहमान मोजले जाते. सूक्ष्म प्रतिरूपात प्रत्येक वाहन स्वतंत्र असते. पुढच्या वाहनाचे अंतर, वेगमर्यादा आणि सिग्नल पाहून ते आपला वेग ठरवते. या दोहोंच्या मधल्या प्रतिरूपात वाहने स्वतंत्र असली तरी रस्त्यावरील त्यांची हालचाल रांगेच्या साध्या नियमांनी मांडली जाते. वितरणाची गरज मुख्यतः सूक्ष्म आणि मधल्या प्रकारात भासते.

सूक्ष्म प्रतिरूपाचे सर्वांत साधे आणि प्रसिद्ध उदाहरण म्हणजे काय नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९२ साली मांडलेले नागेल–श्रेकेनबर्ग प्रतिरूप. त्यात रस्ता साधारणतः ७.५ मीटर लांबीच्या घरांमध्ये विभागलेला असतो आणि काळ एकेका सेकंदाच्या पायऱ्यांनी पुढे सरकतो. प्रत्येक पायरीत चार नियम लागू होतात: शक्य असल्यास वेग एकाने वाढवणे, पुढे वाहन असल्यास तेवढा वेग कमी करणे, काही संभाव्यतेने वेग आणखी एकाने घटवणे आणि शेवटी वाहन पुढे सरकवणे. तिसरा नियम चालकाच्या अनियमित वर्तनाची नक्कल करतो. कोणताही अपघात किंवा अडथळा नसताना आपोआप निर्माण होणारी कोंडी या नियमामुळे प्रतिरूपात दिसून येते.

हे नियम साधे असले तरी वाहनांची संख्या वाढली की गणनेचा बोजा मोठा होतो. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. अशा महानगरातील एका दिवसाच्या वाहतुकीत सेकंदाच्या ८६,४०० पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीत रस्त्यावरील सर्व वाहनांची स्थिती नव्याने मोजावी लागते. शिवाय काही पद्धतींत एकच दिवस पुन्हा पुन्हा चालवला जातो. प्रत्येक फेरीनंतर प्रतिरूपातील काही प्रवासी आपली वेळ, मार्ग किंवा प्रवासाचे साधन बदलतात आणि हे बदल स्थिरावेपर्यंत अनेकदा शंभर किंवा अधिक फेऱ्या कराव्या लागतात. एका फेरीला २४ तास लागत असतील, तर शंभर फेऱ्यांना १०० दिवस लागतील. असे उत्तर नियोजनाच्या बैठकीपूर्वी हाती येणे कठीण असते.

## इतिहास

वितरित सदृशीकरणाचा सैद्धांतिक पाया १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात घातला गेला. अनेक संगणकांवर विभागलेल्या सदृशीकरणात घटनांचा कालक्रम कसा टिकवावा, या प्रश्नावर के. मणी चंडी आणि जयदेव मिश्रा यांनी १९७९ साली महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. चंडी हे आयआयटी मद्रासचे आणि मिश्रा हे आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी असून ते त्या काळी अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात कार्यरत होते. रँडल ब्रायंट यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशीच पद्धत मांडल्यामुळे ती तिघांच्या नावाने ओळखली जाते. १९८५ साली डेव्हिड जेफरसन यांनी ‘टाइम वॉर्प’ ही वेगळ्या तत्त्वावरील पद्धत मांडली.

वाहतुकीच्या क्षेत्रात १९९० च्या दशकात या कल्पनांचा प्रत्यक्ष वापर सुरू झाला. स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे समांतर संगणकांसाठी ‘पॅरामिक्स’ ही प्रणाली विकसित झाली. अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत ‘ट्रान्सिम्स’ प्रकल्पाने डॅलस आणि पोर्टलंड या शहरांची प्रतिरूपे संगणक-समूहांवर चालवली. पुढे झुरिक आणि बर्लिन येथील तांत्रिक विद्यापीठांच्या सहकार्यातून ‘मॅटसिम’ ही प्रणाली आकाराला आली. जर्मन अवकाश संशोधन केंद्राने २००१ पासून ‘सुमो’ ही मुक्त प्रणाली उपलब्ध करून दिली.

महाराष्ट्रात समांतर संगणनाची सुरुवात पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्रापासून, म्हणजेच सी-डॅकपासून झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्यातील प्रत्येक घटकाला स्वतःची स्मृती होती आणि घटक एकमेकांशी संदेशांद्वारे संपर्क साधत. वितरित वाहतूक सदृशीकरणासाठी लागणारी संगणकरचना मूलतः याच प्रकारची असते. भारतीय रस्त्यांवरील संमिश्र वाहतुकीचे सदृशीकरण करण्यासाठी आयआयटी मुंबई येथे सुमोच्या मुक्त संहितेच्या आधारे ‘सिमट्राम’ ही प्रणाली तयार करण्यात आली.

## जाळ्याचे विभाजन

रस्त्यांचे जाळे संगणकात आलेखाच्या रूपाने साठवले जाते. चौक हे आलेखाचे शिरोबिंदू आणि चौकांना जोडणारे रस्ताखंड या त्याच्या कडा होत. विभाजन करताना दोन उद्दिष्टे एकाच वेळी साधावी लागतात. सर्व भागांतील गणनेचा भार शक्य तितका समान असावा आणि कापल्या गेलेल्या कडांवरील वर्दळ शक्य तितकी कमी असावी. या दोन्ही दृष्टींनी सर्वोत्तम विभाजन शोधणे मोठ्या जाळ्यांसाठी व्यवहार्य नसते, म्हणून चांगले पण सर्वोत्तम असेलच असे नाही, असे विभाजन शोधणाऱ्या पद्धती वापरतात. मिनेसोटा विद्यापीठातील जॉर्ज कॅरिपिस आणि विपिन कुमार यांची ‘मेटिस’ ही प्रणाली त्यासाठी प्रसिद्ध आहे. ती जवळचे शिरोबिंदू एकत्र करून आलेख लहान करते, लहान आलेखाचे विभाजन करते आणि मग तो पायरीपायरीने मूळ आकारात आणताना विभाजनरेषा सुधारत जाते.

### बपेरा येथील पुलाचे उदाहरण

विभाजनाचे तत्त्व भंडारा जिल्ह्यातील एका ठिकाणावरून स्पष्ट करता येते. तुमसर तालुक्यातील बपेरा हे गाव मध्य प्रदेशाच्या सीमेलगत आहे. तुमसरहून सिहोरामार्गे बपेरा येथे येणारा रस्ता बावनथडी नदीवरील पूल ओलांडून बालाघाट जिल्ह्यात जातो. नदीच्या दोन्ही तीरांवर गावांना जोडणारे रस्ते अनेक असले, तरी नदी ओलांडणारे पूल मोजकेच असतात.

भंडारा आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांचे एकत्रित प्रतिरूप दोन संगणकांवर चालवायचे झाल्यास नदी ही स्वाभाविक विभाजनरेषा ठरते. अलीकडचे चौक आणि रस्ते एका संगणकाकडे, पलीकडचे दुसऱ्याकडे, आणि दोहोंमधील सर्व देवाणघेवाण मोजक्या पुलांपुरती मर्यादित. येथे विभाजनरेषा राज्याच्या सीमेशी जुळते, परंतु त्याचे कारण प्रशासकीय नसून भौगोलिक आहे. जेथे राज्याची सीमा शेतांमधून जाते आणि दोन्ही बाजूंची गावे अनेक रस्त्यांनी जोडलेली असतात, तेथे प्रशासकीय सीमेवर जाळे कापल्यास देवाणघेवाण वाढते. त्यामुळे जिल्हा किंवा तालुका हा विभाजनाचा घटक मानण्याची सोपी रीत नेहमीच योग्य ठरत नाही.

### कापलेल्या रस्त्यांची संख्या आणि वर्दळ

केवळ कापलेल्या रस्त्यांची संख्या मोजणेही पुरेसे नसते. मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामध्ये ठाणे खाडी आहे. शीव–पनवेल महामार्गावरील वाशीचा पूल, ऐरोलीचा पूल आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू असे खाडी ओलांडणारे मोजकेच मार्ग आहेत. नकाशावर पाहता खाडी ही बावनथडीसारखीच सोयीची विभाजनरेषा दिसते. मात्र गर्दीच्या वेळी वाशीच्या पुलावर वाहनांची दाटी असते आणि तेथे दर सेकंदाला अनेक वाहनांची नोंद एका संगणकाकडून दुसऱ्याकडे द्यावी लागते. म्हणून प्रत्येक कडेला तिच्यावरून जाणाऱ्या वाहनांच्या संख्येइतके वजन देऊन विभाजन केले जाते. ही संख्या एका प्राथमिक धावेतून किंवा प्रत्यक्ष वाहनगणनेतून घेता येते.

कापण्याची नेमकी जागा शक्यतो चौकात ठेवली जात नाही. चौकात सिग्नल, वळणे आणि प्राधान्याचे नियम एकत्र आल्याने एकाच सेकंदात अनेक वाहनांचा परस्परसंबंध येतो. रस्ताखंडाच्या मध्यावर कापल्यास हा गुंतागुंतीचा भाग एकाच संगणकाकडे राहतो. ट्रान्सिम्समध्ये याच कारणाने रस्ताखंड मध्यावर विभागले जात.

## सीमेवरील देवाणघेवाण

विभाजनरेषेवर दोन प्रकारची माहिती पाठवावी लागते. पहिला प्रकार वाहनाच्या हस्तांतरणाचा. पुलाचा मध्य ओलांडणाऱ्या मालमोटारीची पूर्ण नोंद, म्हणजे तिचा क्रमांक, प्रकार, वेग, रस्त्यावरील नेमकी जागा आणि उर्वरित मार्ग, पलीकडच्या संगणकाकडे पाठवली जाते आणि अलीकडच्या संगणकातून काढून टाकली जाते. पाठवलेली नोंद पोहोचली नाही तर वाहन प्रतिरूपातून नाहीसे होते. पाठवल्यावर ती काढायची राहिली तर एकाच वाहनाच्या दोन प्रती फिरू लागतात.

दुसरा प्रकार शेजारच्या परिस्थितीचा. सीमेजवळच्या वाहनाला आपला वेग ठरवण्यासाठी पुढचे वाहन पाहावे लागते आणि ते वाहन दुसऱ्या संगणकाच्या ताब्यात असू शकते. त्यामुळे प्रत्येक संगणक शेजारच्या भागातील एका अरुंद पट्ट्याची प्रत स्वतःजवळ ठेवतो. या पट्ट्याला छायापट्टा म्हणता येईल. छायापट्ट्यातील वाहने केवळ पाहण्यासाठी असतात. त्यांना हलवण्याचा अधिकार मूळ संगणकाकडेच राहतो.

नागेल–श्रेकेनबर्ग प्रतिरूपात सर्व वाहने मागील सेकंदाची स्थिती पाहून एकाच वेळी नवा वेग ठरवतात. त्यामुळे कोणत्या वाहनाची गणना आधी झाली याला महत्त्व उरत नाही आणि वितरण सोपे होते. ज्या प्रतिरूपात एक वाहन हलल्यानंतर त्याची नवी जागा पाहून मागचे वाहन हलते, तेथे मात्र गणनेचा क्रम सीमेपलीकडेही पाळावा लागतो आणि काम अवघड होते.

## कालसमन्वय

सर्व संगणकांवरील प्रतिरूपाचे घड्याळ परस्परांशी सुसंगत राहणे आवश्यक असते. एका संगणकावर सकाळचे ९ वाजून १० मिनिटे झाली असताना दुसऱ्याकडून ९ वाजून ५ मिनिटांनी निघालेले वाहन आले, तर ते भूतकाळातून आल्यासारखे होईल. ही स्थिती टाळण्याच्या तीन प्रमुख रीती आहेत.

समान पायऱ्यांची रीत: प्रत्येक सेकंदानंतर सर्व संगणक थांबतात, माहितीची देवाणघेवाण करतात आणि मगच पुढच्या सेकंदाकडे वळतात. ही रीत समजण्यास व राबवण्यास सोपी असल्याने वाहतुकीच्या सदृशीकरणात सर्वाधिक वापरली जाते. तिचा दोष असा की सर्वांचा वेग सर्वांत संथ संगणकाइतका होतो.

सावध रीत: चंडी–मिश्रा–ब्रायंट पद्धतीत प्रत्येक संगणक शेजाऱ्याला ‘अमुक वेळेपर्यंत माझ्याकडून काहीही येणार नाही’ अशी हमी देतो. या हमीच्या आधारे शेजारी तेवढा काळ न थांबता पुढे जाऊ शकतो. पाठवण्यासारखे वाहन नसतानाही ही हमी रिक्त संदेशाच्या रूपाने पाठवावी लागते. अन्यथा सर्व संगणक एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकून पडू शकतात.

आशावादी रीत: टाइम वॉर्पमध्ये संगणक कोणासाठी न थांबता पुढे जातो. जुन्या वेळेचे वाहन उशिरा आल्यास तो जतन केलेल्या पूर्वस्थितीकडे मागे जातो आणि तेथून पुन्हा गणना करतो. पूर्वस्थिती साठवण्यासाठी बरीच स्मृती लागते. शिवाय एका संगणकाने मागे गेल्यावर त्याने पाठवलेले संदेशही रद्द करावे लागतात.

सावध रीतीत किती काळाची हमी देता येईल हे रस्त्याच्या लांबीवर अवलंबून असते. दीड किलोमीटर लांबीच्या रस्ताखंडावर कमाल वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर असेल, तर आता त्यावर प्रवेश करणारे वाहन १०० सेकंदांच्या आत दुसऱ्या टोकाला पोहोचू शकत नाही. रस्ता रिकामा असल्यास पुढच्या संगणकाला १०० सेकंदांची हमी मिळते. या दृष्टीने ग्रामीण भागातील लांब रस्ते विभाजनासाठी सोयीचे आणि शहरातील जवळजवळचे चौक गैरसोयीचे ठरतात.

माहिती उलट दिशेनेही जाते, हे मात्र लक्षात घ्यावे लागते. पुढे कोंडी झाली की रांग मागे वाढत येते आणि मागच्या संगणकाला रस्त्यावर जागा आहे की नाही हे कळणे आवश्यक असते. प्रत्यक्षात रांगेतील हालचाल मागच्या दिशेने ताशी सुमारे १५ ते २० किलोमीटर वेगाने पसरते. ताशी १५ किलोमीटर वेग धरल्यास दीड किलोमीटर रस्त्याच्या एका टोकाला सुटलेली जागा दुसऱ्या टोकाला कळण्यास ६ मिनिटे लागतात. रांगेच्या अतिसाध्या प्रतिरूपात मात्र ही जागा मागच्या टोकाला लगेच उपलब्ध झाली असे मानले जाते. अशा प्रतिरूपात कोंडीच्या वेळी मागच्या दिशेला हमी देता येत नाही आणि संगणकांना पायरीगणिक थांबावे लागते.

## भार-संतुलन

वाहतुकीचा भार दिवसभर एका जागी राहत नाही. सकाळी उपनगरांतील रस्ते भरतात, नंतर कार्यालयांच्या परिसरात दाटी होते आणि संध्याकाळी हा क्रम उलटतो. सरासरी भार पाहून केलेले विभाजन त्यामुळे ठरावीक वेळी असमान होते. समान पायऱ्यांच्या रीतीत एका संगणकावर इतरांच्या दुप्पट वाहने आली, तर बाकी सर्व संगणक जवळजवळ निम्मा वेळ रिकामे बसतात.

यावर दोन उपाय केले जातात. पहिल्यात धाव चालू असताना काही चौक व रस्ते जास्त भार असलेल्या संगणकाकडून शेजाऱ्याकडे दिले जातात. यात हस्तांतरणाचा खर्च असतो, म्हणून तो वारंवार केला जात नाही. दुसऱ्यात जाळ्याचे संगणकांच्या संख्येपेक्षा कितीतरी अधिक लहान तुकडे पाडून प्रत्येक संगणकाला दूरदूरचे काही तुकडे दिले जातात. त्यामुळे भार समान होतो, पण कापलेल्या कडांची संख्या वाढते.

## गतिवृद्धीची मर्यादा

पुढील उदाहरणात आकडे सोयीसाठी गृहीत धरले आहेत. प्रतिरूपात १० लाख वाहने असून एका वाहनाच्या एका पायरीच्या गणनेस १ मायक्रोसेकंद लागतो. म्हणजे एका संगणकावर एका पायरीस १ सेकंद, आणि एका दिवसाच्या ८६,४०० पायऱ्यांना २४ तास लागतात. भार पूर्णपणे समान वाटला जातो आणि एकाहून अधिक संगणक असताना प्रत्येक पायरीत देवाणघेवाणीस १ मिलिसेकंद लागतो, असे मानू.

| संगणक | एका पायरीचा वेळ | एका दिवसाचा वेळ | गतिवृद्धी |
|---|---|---|---|
| १ | १,००० मिलिसेकंद | २४ तास | १ पट |
| १० | १०१ मिलिसेकंद | सुमारे २ तास २५ मिनिटे | ९.९ पट |
| १०० | ११ मिलिसेकंद | सुमारे १६ मिनिटे | ९१ पट |
| १,००० | २ मिलिसेकंद | सुमारे ३ मिनिटे | ५०० पट |
| १०,००० | १.१ मिलिसेकंद | सुमारे दीड मिनिट | ९०९ पट |

शंभर संगणकांपर्यंत लाभ जवळजवळ पूर्ण मिळतो. हजार संगणकांवर निम्मा वेळ केवळ देवाणघेवाणीत जातो. त्यापुढे संगणक दहापट वाढवूनही वेग दुपटीपेक्षा कमी वाढतो. शंभर संगणकांपैकी एकावरच दुप्पट भार असेल, तर एका पायरीस ११ ऐवजी २१ मिलिसेकंद लागतात आणि गतिवृद्धी ९१ वरून सुमारे ४८ पटींवर येते. एका संगणकावरील असमतोलाने जवळजवळ निम्म्या समूहाची शक्ती वाया जाते.

कामाचा जो भाग वाटता येत नाही तोच अखेरीस गतिवृद्धीची मर्यादा ठरवतो, हे जीन ॲमडॉल यांनी १९६७ साली दाखवून दिले. एकूण कामाचा ५ टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर कितीही संगणक वापरले तरी वेग २० पटींहून अधिक वाढू शकत नाही. जाळ्याची फाइल वाचणे, सर्व वाहनांच्या नोंदी एकाच फाइलमध्ये लिहिणे ही कामे बहुधा या भागात मोडतात. संगणक वाढतात तेव्हा प्रश्नाचा आकारही वाढवला जातो, याकडे जॉन गुस्ताफसन यांनी १९८८ साली लक्ष वेधले. एका शहराऐवजी संपूर्ण महानगर प्रदेशाचे प्रतिरूप चालवल्यास प्रत्येक संगणकाला पुरेसे काम राहते आणि देवाणघेवाणीचा सापेक्ष खर्च कमी होतो.

## संमिश्र वाहतूक

पाश्चात्त्य देशांत विकसित झालेली बहुतेक सूक्ष्म प्रतिरूपे मार्गिकांवर आधारलेली आहेत. त्यांत वाहन मुख्यतः आपल्या मार्गिकेतील पुढच्या वाहनाकडे पाहते. भारतीय रस्त्यांवर दुचाकी, रिक्षा, मोटारी, बस, मालमोटारी, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या एकाच रस्त्यावर असतात आणि मार्गिकेची शिस्त क्वचितच पाळली जाते. दुचाकी मोठ्या वाहनांमधील फटींतून रांगेच्या पुढे जातात. सिमट्रामसारख्या प्रणालीत म्हणून रस्ता मार्गिकांऐवजी अरुंद उभ्या पट्ट्यांत विभागला जातो. दुचाकी थोड्या पट्ट्या व्यापते, तर बस अनेक.

याचा परिणाम वितरणावरही होतो. सीमेवरील वाहनाच्या नोंदीत त्याची रस्त्याच्या रुंदीतील जागाही द्यावी लागते आणि प्रत्येक वाहनाच्या पुढे एक नव्हे, तर अनेक वाहने पाहावी लागतात. लांब वाहन एकाच वेळी विभाजनरेषेच्या दोन्ही बाजूंना असू शकते. तेवढ्या काळात ते दोन्ही संगणकांना दिसले पाहिजे.

दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवर आणखी एक अडचण येते. पुढच्या वाहनाला ओलांडणारे वाहन समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूत शिरते, म्हणून चालकाला दूरवर पाहावे लागते. भारतीय रस्ते महासभेच्या मानकांनुसार ताशी ८० किलोमीटर वेगाला थांबण्यासाठी १२० मीटर दृष्टी-अंतर पुरते, तर ओलांडण्यासाठी ४७० मीटर लागते. ओलांडण्याची क्रिया प्रतिरूपात असेल, तर छायापट्टा निदान तितका लांब ठेवावा लागतो. तो आखूड ठेवल्यास सीमेजवळच्या वाहनांना समोरचा रस्ता खोटाच मोकळा दिसतो. अशी चूक केवळ विभाजनरेषेजवळ दिसते आणि एकाच संगणकावरील धावेत ती आढळतच नाही.

## अचूकता आणि पडताळणी

वितरित सदृशीकरणाची मूलभूत कसोटी अशी: तेच प्रतिरूप एका, दोन किंवा शंभर संगणकांवर चालवले तरी उत्तर तेच यावे. प्रत्यक्षात पुढील कारणांनी उत्तरे भिन्न येतात.

* यादृच्छिक संख्या: प्रत्येक संगणकाला यादृच्छिक संख्यांचा वेगळा क्रम दिल्यास विभाजन बदलताच वाहनांचे वर्तन बदलते. क्रम संगणकाला न देता वाहनाला दिला आणि हस्तांतरणाच्या वेळी त्याची स्थितीही वाहनासोबत पाठवली, तर हा दोष टळतो.
* एकाच क्षणी येणारी वाहने: दोन संगणकांकडून एकाच सेकंदाला आलेल्या वाहनांपैकी आधी कोणाला जागा द्यावी, हे संदेश पोहोचण्याच्या क्रमावर सोडल्यास प्रत्येक धाव वेगळी होते. वाहनाच्या क्रमांकावर किंवा रस्त्याच्या प्राधान्यावर आधारित निश्चित नियम आवश्यक असतो.
* बेरजेचा क्रम: दशांश संख्यांची बेरीज संगणकात मर्यादित अंकांपर्यंतच होते. क्रम बदलला की शेवटच्या अंकांत सूक्ष्म फरक पडतो आणि तो पुढे वाढू शकतो.

याखेरीज वाहनांचा हिशेब ठेवला जातो. कोणत्याही क्षणी सर्व संगणकांवरील वाहने आणि संदेशांत वाटेवर असलेली वाहने यांची बेरीज ही तोपर्यंत प्रवेश केलेल्या वाहनांतून बाहेर पडलेली वाहने वजा केल्यावर येणाऱ्या संख्येइतकीच असली पाहिजे. विभाजनरेषेवर ठरावीक जागी कोंडी दिसत असल्यास विभाजन दुसऱ्या ठिकाणी करून पाहिले जाते. कोंडी रेषेबरोबर सरकली, तर ती रस्त्याची नसून संहितेची आहे असे समजते. ही तपासणी न केल्यास गरज नसलेल्या ठिकाणी उड्डाणपुलाची शिफारस होण्याचा धोका असतो.

वितरित धाव एका संगणकावरील धावेशी जुळली, तरी प्रतिरूप वास्तवाशी जुळतेच असे नाही. त्यासाठी प्रत्यक्ष वाहनगणना आणि प्रवासाला लागणारा वेळ यांच्याशी स्वतंत्रपणे तुलना करावी लागते.

## स्वतंत्र धावांचे वाटप

प्रत्येक वेळी जाळ्याचे विभाजन करण्याची गरज नसते. सदृशीकरणात यादृच्छिकता असल्याने एका धावेवरून निष्कर्ष काढणे योग्य नसते. एखाद्या चौकासाठी चार पर्याय तपासायचे असतील आणि प्रत्येकाच्या ३० धावा करायच्या असतील, तर एकूण १२० स्वतंत्र धावा होतात. त्या १२० संगणकांवर एकाच वेळी चालवता येतात आणि त्यांना एकमेकांशी काहीही बोलावे लागत नाही. संपूर्ण प्रतिरूप एका संगणकाच्या स्मृतीत मावत असेल आणि एका धावेचा वेळ सहन करण्याजोगा असेल, तर हा मार्ग अधिक सोपा व खात्रीचा ठरतो. एकच धाव अत्यंत लवकर हवी असेल किंवा जाळे एका संगणकात मावत नसेल, तेव्हाच विभाजनाचा खटाटोप सार्थ ठरतो.

## उपयोग

महानगरांच्या वाहतूक आराखड्यांखेरीज आपत्तीच्या वेळी या पद्धतीचे महत्त्व विशेष असते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुरात भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. अशा वेळी पूल पाण्याखाली जातात किंवा बंद करावे लागतात आणि जाळ्यातील नेमक्या त्याच कडा नाहीशा होतात ज्यांना पर्याय कमी असतात. बपेरा येथील पुलासारखा एखादा पूल बंद झाल्यास दोन्ही तीरांवरील वाहने कोणत्या दूरच्या पुलाकडे वळतील, तेथे किती रांग लागेल आणि गाव रिकामे करण्यास किती वेळ लागेल, हे प्रश्न पाणी चढण्याआधी सुटावे लागतात. वास्तवाच्या वेगानेच चालणारे प्रतिरूप येथे निरुपयोगी असते, कारण सहा तासांनंतरची स्थिती ते सहा तासांनीच सांगते. तेच प्रतिरूप ९० पट वेगाने चालल्यास उत्तर चार मिनिटांत मिळते आणि अनेक पर्यायांची तुलना करण्यास अवधी उरतो.

पूल बंद झाल्यावर विभाजनाचाही फेरविचार करावा लागतो. नेहमी विरळ वाहतूक असलेल्या ठिकाणी आखलेली विभाजनरेषा वळवलेल्या वाहतुकीमुळे एकाएकी सर्वाधिक वर्दळीची होऊ शकते. म्हणून आपत्तीसाठी तयार केलेल्या प्रतिरूपाची चाचणी नेहमीच्या दिवसाच्या वाहतुकीवर करून भागत नाही. मोजके पूल बंद असल्याचे गृहीत धरूनही ती करावी लागते.

## हे सुद्धा पहा

* समांतर संगणन
* महासंगणक
* आलेख सिद्धांत
* वाहतूक अभियांत्रिकी
* बावनथडी नदी